प्रभातची तुतारी: पडद्यावरच्या एका बोधचिन्हाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या अभ्यास मंडळानं बेळगावात 'संत तुकाराम' दाखवायचं ठरवलं. सभागृह मिळालं, चहाची सोय झाली, आणि लॅपटॉप-प्रोजेक्टरचं खातं नेहमीप्रमाणं माझ्याकडं आलं. इंजिनिअर माणूस, तोच बघेल, असा आमच्याकडं रिवाज आहे. मिळालेल्या प्रतीची सुरुवात फार खराब होती. नुसती खरखर, वर कुणाच्या तरी कॅसेटची जाहिरात, मधेच चित्र उडी मारायचं. लोक कंटाळतील म्हणून मी पहिलं दीड मिनिट सरळ कापून टाकलं. आपण चांगलं काम केलं, असंच तेव्हा वाटलं होतं.

खेळ सुरू झाला. दोनेक मिनिटांत पुढच्या रांगेतून आवाज आला, "अरे, तुतारी कुठं गेली?"

ते माझ्या वडिलांचे जुने सोबती. वय नव्वदीकडं झुकलेलं. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "काका, सुरुवातीला नुसती खरखर होती, म्हणून तेवढं काढलं."

"म्हणून तुतारीच कापलास? लेका, मग हे प्रभातचं कशावरून?"

बाजूचे चारपाच जण हसले. मीही हसलो. पण रात्री घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आम्ही मंडळात शिलालेख वाचतो, मोडी कागद चाळतो, आणि एखाद्या दस्ताचा शिक्का फाटलेला असला तर हळहळतो. इथं मी माझ्या हातानं एका चित्रपटाचा शिक्का फाडला होता. हा लेख त्या चुकीतून झाला. फार मोठं संशोधन म्हणून तो वाचू नये. पडद्यावर पहिल्या काही सेकंदांत दिसणाऱ्या एका बोधचिन्हाचा माग काढायचा हा प्रयत्न आहे.

कोल्हापूरची पहाट

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली. भागीदार पाच: विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, आणि कुलकर्णी सराफी पेशाचे, पैशाची बाजू सांभाळणारे. बाबूराव पेंटर म्हणजे स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवणारा माणूस. त्या कारखान्यात शिकलेल्यांना यंत्र आणि चित्र ही दोन वेगळी खाती वाटत नसत. प्रभातमध्येही तसंच झालं. फत्तेलाल कलादिग्दर्शन बघायचे, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन, आणि दामले पुढं ध्वनिमुद्रण सांभाळू लागले.

नाव 'प्रभात' आणि चिन्ह तुतारी फुंकणारी स्त्री. कमरेतून मागं झुकलेली, वळणदार तुतारी आभाळाकडं उचललेली, आणि भोवती पहाटेचा उजेड. आज आपण हे चित्र इतक्या वेळा बघितलंय की त्यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. पण त्या काळात जाऊन बघा. तुतारी हे आपल्याकडं लग्नकार्यात, देवळात आणि राजाच्या स्वारीपुढं वाजणारं वाद्य. त्यात केशवसुतांची 'तुतारी' ही कविता १८९३ सालची. १९२९ मध्ये शिकलेल्या मराठी माणसाला तुतारी म्हटल्यावर ती आठवणारच. म्हणजे स्वारीची वर्दी आणि जागं होण्याची हाक हे दोन्ही अर्थ त्या एका आकृतीत आपोआप आले. कंपनीनं १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर काढलेल्या मूकपटाचं मूळ नाव 'स्वराज्याचं तोरण'. सेन्सॉरनं हरकत घेतल्यावर तो 'उदयकाल' या नावानं आला. प्रभात, उदय, तुतारी. एकाच घरातले शब्द आहेत हे.

दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुतारी फुंकणारी ही स्त्री आहे. वर्दी द्यायचं काम रिवाजानं पुरुषाचं. तुतारीवाला असतो, तुतारीवाली आपण ऐकत नाही. त्यातही सिनेमात काम करायला घरंदाज बाई मिळणं कठीण, असा तो काळ. १९३२ मध्ये दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त तारामती म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली. 'कुंकू' तर १९३७ चा. पण बाईच्या हातात तुतारी चिन्हानं आधीच दिली होती. हे ठरवून झालं की चित्र देखणं दिसावं म्हणून झालं, या वादात मी पडत नाही. दिसतं ते सांगितलं.

तुतारीला आवाज आला

चिन्ह तुतारीचं असलं की ते ऐकू यायला हवं. मूकपटात ते शक्य नव्हतं. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला आला आणि देशभरातल्या मूकपट कंपन्यांपुढं प्रश्न उभा राहिला: बोलायचं की बंद पडायचं? बऱ्याच बंद पडल्या. प्रभातनं १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला, आणि बोलपटाच्या काळात तुतारीला आवाज मिळाला.

इथं थोडं थांबून विचार करावासा वाटतो. बहुतेक कंपन्यांची चिन्हं डोळ्यांसाठी असतात. नाव लिहिलेली पाटी, एखादं मंदिर, एखादा पक्षी. ती वाचावी लागतात, निदान बघावी तरी लागतात. प्रभातचं चिन्ह भिंतीआडूनही कळायचं. आमच्या काकांनी नंतर सांगितलं ते असं: "तिकिटाला पैसे नसायचे. आम्ही पोरं टॉकीजच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचो. तुतारी वाजली की कळायचं, प्रभातचा आहे. चहाच्या टपरीवरची माणसं कप तसाच ठेवून आत पळायची."

आता आमच्या भागाचं सांगतो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. चित्रपट कोल्हापुरात आणि १९३३ नंतर पुण्यात तयार होत, पण बघणारे मराठी लोक हुबळी-धारवाडपासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत पसरलेले. नट-नट्याही या पट्ट्यातूनच जात. 'माणूस' मधल्या मैनेचं काम करणाऱ्या शांता हुबळीकर आमच्या हुबळीकडच्याच. पाटी कुठल्या लिपीत लावायची हा सीमाभागातला रोजचा प्रश्न आहे, तो नव्यानं सांगायला नको. पण तुतारीच्या आवाजाला लिपी नसते. तोच चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून लागो की मराठीत 'कुंकू' म्हणून, हिंदीत 'आदमी' म्हणून लागो की मराठीत 'माणूस' म्हणून, सुरुवातीची हाक एकच. कंपनी एक, भाषा दोन, आणि दोन्हींच्या आधी येणारी ही तुतारी. दोन भाषांत धंदा करणाऱ्याला याहून सोयीचं चिन्ह कुठलं?

तीस फुटांचा हिशोब

आता माझ्या धंद्याकडं येतो. बोधचिन्ह म्हणजे फिल्मवर नक्की काय असतं?

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट. 'संत तुकाराम' सुमारे दोन तास दहा मिनिटांचा, म्हणजे साधारण ११,७०० फूट. चिन्ह वीस सेकंदांचं धरलं तर ३० फूट. एकूण लांबीच्या पाव टक्का. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं. त्यात पहिल्या रिळाच्या अगदी तोंडाशी हा तीस फुटांचा तुकडा.

रिळाचं तोंड ही सगळ्यात वाईट जागा. प्रत्येक खेळाला ऑपरेटर फिल्म यंत्रात ओवतो ती तिथून. हात लागतो तो तिथं, धूळ बसते ती तिथं, जमिनीवर घासते ती तिथं. पुढं कोरी पट्टी जोडलेली असते, पण गावोगाव फिरताना ती झिजते, तुटते, आणि मग ओवायला चित्राचीच फिल्म वापरली जाते. तुटली की दोन इंच कापायची, डिंकासारखं सिमेंट लावायचं, पुढच्या खेळाला तयार. दोन वर्षं तालुक्यातालुक्यांत फिरलेल्या प्रतीचं शेवटचं दृश्य शाबूत असू शकतं, पण पहिला अर्धा मिनिट शाबूत असेल याची खात्री नाही. म्हणजे ज्या तुकड्यावर मालकाचं नाव आहे, तोच आधी झिजतो.

आवाजाचं दुखणं त्याहून वेगळं. फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. आवाज सुमारे वीस चौकटी पुढं छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवणारी खिडकी आणि आवाज वाचणारा दिवा यांच्यात तेवढं अंतर असतं. त्यामुळं तोंडाकडून फिल्म कापली गेली की उरलेल्या पहिल्या वीस चौकटींचा आवाज कापलेल्या तुकड्याबरोबर जातो. जवळजवळ पाऊण-एक सेकंद. प्रभातच्या जुन्या प्रतींत बाई तुतारी तोंडाला लावून उभी दिसते पण सूर अर्ध्यातून सुरू होतो, असं कधी बघितलं असेल तर त्याचं एक कारण हे असू शकतं. मी आधी त्याला ध्वनिमुद्रणातला दोष समजायचो. तो कात्रीचा दोषही असू शकतो हे गणित मांडल्यावर कळलं.

आणि ही सगळी फिल्म नायट्रेटची. १९५० च्या सुरुवातीपर्यंत सिनेमाला तीच वापरली जायची. ती आखडते, चिकट होते, आणि पेटली तर पाण्यानंही विझत नाही. जुन्या प्रती चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या, त्या वेगळ्याच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, तेव्हा प्रभातचा बराच मूळ ठेवा त्यात गेला. आज आपण बघतो त्या बहुतेक त्याआधी काढून ठेवलेल्या नकला आणि नकलांच्या नकला. प्रत्येक नकलेच्या वेळी कुणीतरी ठरवलेलं असतं की सुरुवात कुठून धरायची.

तुतारीनंतरची चिन्हं

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. नाव वडील राजाराम आणि आई कमल यांच्यावरून. चिन्हात कमळ आलं, आणि त्यातून फुलं उधळणारी स्त्री. म्हणजे स्त्री राहिली, तिच्या हातातली तुतारी गेली. तुतारीवाली लोकांना उठवत होती, फुलंवाली आलेल्यांचं स्वागत करते. 'शकुंतला'पासून 'झनक झनक पायल बाजे'च्या रंगीत दिवसांपर्यंत राजकमलचा जो नाच-रंगांचा थाट होता, त्याला ती शोभलीच. पण भागीदारी जाऊन आई-वडिलांचं नाव आलं हा फरक नुसत्या चित्रातला नाही. प्रभात पाच जणांची होती. राजकमल एकाची.

तसंच आर. के. फिल्म्सचं. कंपनीचा पहिला चित्रपट 'आग' १९४८ चा. चिन्ह मात्र १९४९ च्या 'बरसात'वरून आलं: एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हाताच्या कवेत नायिका. म्हणजे कंपनीनं स्वतःच्याच गाजलेल्या दृश्याला शिक्का केलं. वर्षं गेली तसा त्यातला चेहरामोहरा गळत गेला आणि नुसती बाह्याकृती उरली. ओळख इतकी पक्की झाली की नाकडोळ्यांची गरज राहिली नाही.

मेहबूब प्रॉडक्शन्सचं चिन्ह विळा-हातोड्याचं. १९५७ चा 'मदर इंडिया' ऑस्करसाठी अमेरिकेत पाठवताना तो विळा-हातोडा काढून टाकला गेला. शीतयुद्धाचे दिवस होते, कारण सांगायला नको. माझी कात्री अज्ञानाची, ही हिशोबाची. परिणाम एकच. बघणाऱ्याला चित्रपट कळला, पण तो कुणी आणि कुठल्या विचारानं केला हे सांगणारी खूण गेली.

नाव कुणाचं, घर कुणाचं

प्रभातचं पुढं काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. भागीदार एकेक करून गेले. दामले १९४५ मध्ये वारले. १९४६ च्या 'हम एक हैं'मधून देव आनंद पडद्यावर आले, पण कंपनीची घडी विस्कटली ती विस्कटलीच. १९५३ च्या सुमाराला कारभार संपला. पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. चित्रपटांचे हक्क हातोहात फिरले. ते पुन्हा मिळवून जपायचं काम दामल्यांच्या पुढच्या पिढीनं केलं. नाहीतर 'संत तुकाराम'ही आपल्यापर्यंत आला असता का, शंका आहे.

इंदूरच्या आमच्या मंडळींसाठी एक मुद्दा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातलं प्रभात टॉकीज आठवतंय ना? १९३४ मध्ये उभं राहिलेलं ते थिएटर मुळात इंदूरच्या सरदार किबे घराण्याचं. चालवायला प्रभातकडं होतं. ऐंशी वर्षं पुणेकर त्याला 'प्रभात'च म्हणत आले. २०१४ च्या अखेरीस करार संपून वास्तू किबे घराण्याकडं परत गेली आणि किबे लक्ष्मी हे नाव पुन्हा वर आलं. यात कुणाचं चुकलं असं काही नाही. घर ज्याचं त्याला मिळालं. पण त्यातून मला एक गोष्ट उमगली. स्टुडिओ गेला, टॉकीजवरची पाटी उतरली, भागीदार गेले, मूळ फिल्म जळाली. आता 'हे प्रभातनं केलं' असं सांगणारं काय उरलं? पुण्यातल्या एका रस्त्याचं नाव, थोडे कागद, आणि चित्रपटाच्या तोंडाशी असलेला तो तीस फुटांचा तुकडा. तोच मी कापला होता.

त्याच्या पाठोपाठ येणारी नामावलीही मी त्या दिवशी घालवली होती. आता तिचं महत्त्व बघा. 'संत तुकाराम'मधल्या एका अभंगाला लोक वर्षानुवर्षं तुकोबांचाच समजत आले. तो लिहिला शांताराम आठवले यांनी. रचना इतकी जमली की गाथ्यात शोधणारेही भेटतात. श्रेय द्यायला नामावली होती, पण ती बघतो कोण? आमच्या त्या खेळाला तर ती दिसायची सोयच नव्हती. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे, यांपैकी एकही नाव पडद्यावर आलं नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला चित्रपट आम्ही बेळगावात बेवारशासारखा दाखवला.

काय करता येईल

हल्ली जुने चित्रपट इंटरनेटवर सहज मिळतात. चांगलंच आहे. पण दहांतल्या कितीतरी प्रतींत सुरुवात कापलेली असते, किंवा जुन्या चिन्हाच्या जागी चढवणाऱ्याचं स्वतःचं चिन्ह फिरत असतं, कोपऱ्यात आणखी एक. मी तर एकदा प्रमाणपत्रावरचं साल बघून चित्रपटाचं साल लिहिलं होतं. प्रमाणपत्र पुनःप्रदर्शनाचं, कितीतरी वर्षांनंतरचं. मंडळातल्या एका बाईंनी चूक पकडली म्हणून वाचलो. तर वाचकांना माझी विनंती एवढीच:

घरात जुन्या कॅसेटा, तबकड्या असतील तर पहिलं मिनिट खराब आहे म्हणून टाकू नका. खरखरीसकट उतरवून ठेवा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, चिन्ह, नामावली या तिन्हींचे फोटो वेगळे काढून ठेवा आणि प्रत कुठून आली ते लिहा. प्रमाणपत्रावरचं साल आणि चित्रपटाचं साल एकच मानू नका. आणि घरात ऐंशीपुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, कुठल्या टॉकीजला काय बघितलं आणि सुरुवातीला काय वाजायचं. बोधचिन्हांच्या या आठवणी कुठल्याच दप्तरात नाहीत.

सहा महिन्यांनी आम्ही 'संत तुकाराम' पुन्हा लावला. या वेळी दुसरी प्रत मिळवली होती. तिच्यातही रेघा होत्या, चित्र थरथरत होतं, पण तोंड शाबूत होतं. मी एक चौकटही कापली नाही. काका पुढच्याच रांगेत. दिवे गेले, खरखर झाली आणि तुतारी वाजली. त्यांनी मागं वळून मला शोधलं आणि नुसती मान हलवली. मग समोर बघत बसले.

खेळ संपल्यावर बाहेर चहा पिताना ते म्हणाले, "आता बरोबर झालं बघ. आवाज मात्र थोडा लहान ठेवला होतास."

पुढच्या वेळी मोठा ठेवणार आहे.